धारकास एक जेवण

१९९३ साली अल ऐनच्या सनाइयेत, म्हणजे गॅरेजं आणि लेबर कॅम्पच्या वस्तीत, कमलिनीवहिनी परुळेकरांच्या खाणावळीत बँक स्थापन झाली. बँक काढावी अशी कोणाचीच इच्छा नव्हती. वहिनींना चपात्या लाटायच्या होत्या आणि गिऱ्हाइकांना त्या खायच्या होत्या. पण या दोन गोष्टींच्या मध्ये एक सुशिक्षित मनुष्य आला, आणि मग जे व्हायचं ते झालं.

सुशिक्षित मनुष्याचं नाव शैलेंद्र टिपणीस. एका काँट्रॅक्टिंग कंपनीत असिस्टंट अकाउंटंट, बी.कॉम. वहिनींचा हिशेब बघायचा म्हणून खाणावळीत फुकट जेवणारा तो एकटाच. खाणावळीचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला भरावे लागत. ओव्हरटाइम लागला की माणूस जेवायला पोचत नसे आणि दुसऱ्या दिवशी येऊन भांडत असे. टिपणीसने तोडगा काढला. आधी कळवून जो जेवण चुकवील त्याला चिठ्ठी मिळेल : 'धारकास एक जेवण देण्याचे मी वचन देतो.' खाली तारीख आणि सही, शै. टिपणीस. जेवण वहिनी देणार होत्या, वचन टिपणीसचं होतं. बँकेच्या पुढच्या सगळ्या इतिहासात कामाची ही वाटणी कधी बदलली नाही.

पहिली चिठ्ठी मिळाली ती बाबाजी घाडीला. बाबाजी देवगडकडचा, शटरिंगचा सुतार, अंगाने चांगला भरलेला. त्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, खोलीवर गेला आणि कांद्याबरोबर खुबूस, म्हणजे अरबी रोटी, खाऊन झोपला. खुबूसची अख्खी थप्पी एका दिरहमला मिळे. खाणावळीतलं जेवण तीन दिरहमचं, म्हणजे सव्वीस रुपये. न जेवल्याचे सव्वीस रुपये मिळतात, हा शोध त्याला आडवं पडल्यावर लागला. गावी त्याची मुलगी प्रज्ञा तेव्हा शाळेत होती, पण चेडू म्हटल्यावर लग्न आलं आणि लग्न म्हटल्यावर पैसे. त्या दिवसापासून बाबाजी शुक्रवार सोडून जेवेनासा झाला. चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात पडू लागल्या.

मग एकदा कोणीतरी युसुफच्या सलूनमध्ये दाढीचे पैसे म्हणून चिठ्ठी दिली. युसुफने ती घेतली आणि जेवून आला. कमरुद्दीनच्या ग्रोसरीत चिठ्ठीवर साबण मिळू लागला. वर्षभरात सनाइयेतला मराठी माणूस दिरहम गावी पाठवायचा आणि इथे जेवणांवर जगायचा. लोक टिपणीसला गव्हर्नर म्हणू लागले. त्याने स्वतःहून तसं कधी म्हणवून घेतलं नाही. लोक म्हणाले तेव्हा हरकत घेतली नाही, इतकंच.

गव्हर्नर झाल्यावर त्याने नोटांच्या मालिका काढल्या. सर्वांत लहान नोट अर्ध्या चपातीची. सर्वांत मोठी 'शुक्रवारची कोंबडी'. ती ज्याच्याकडे असे त्याला लोक बसायला खुर्ची देत. पंच्याण्णव साली कोणीतरी ऑफिसातल्या मशीनवर कोंबडीच्या झेरॉक्स काढल्या आणि शुक्रवारमागून शुक्रवार तंगडी खाल्ली. त्यावर टिपणीसने सुरक्षाचिन्ह आणलं : प्रत्येक नोटेवर वहिनींच्या तेलकट अंगठ्याचा ठसा. नोट उजेडात धरल्यावर डाग दिसला पाहिजे, संशय असल्यास वास घ्यावा. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासून युसुफ दारात नोट हुंगत उभा आहे, हे दृश्य सनाइयेत नेहमीचं झालं.

खाणावळीला फ्रिज हवा होता. टिपणीसने नोटा छापून तो घेतला. मग पंखे घेतले, मग स्वतःला मानधन सुरू केलं. कागद त्याच्या कंपनीचा होता, त्यामुळे छपाईचा खर्च शून्य होता. चपाती मात्र आकसत चालली. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात ती पुरीएवढी झाली, तेव्हा टिपणीसने भिंतीवर खुलासा लावला की चपातीचा आकार कायम असून खाणावळीची ताटं मोठी झाली आहेत.

वहिनींनी त्याला बाजूला घेतलं. "भावजी, पीठ रोजचं एक गोण. तुम्ही चिठ्ठ्या किती वाटल्यात?"

"वहिनी," टिपणीस समजुतीच्या सुरात म्हणाला, "पिठाचा आणि बँकेचा काय संबंध?"

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात बाबाजीच्या कंपनीचं काम खलास झालं, व्हिसा कॅन्सल झाला. आठवड्याच्या आत निघायचं होतं, आणि प्रज्ञाचं लग्न मे महिन्यात ठरलेलं. बाबाजी बिस्किटांचा डबा घेऊन खाणावळीत आला. साबणात आणि दाढीत गेलेली वजा जाता आत सातशे जेवणं होती. त्याने मनातल्या मनात दिरहम केले होते, दिरहमांचे रुपये केले होते आणि रुपयांचा मांडवही घातला होता.

"माका पैशे व्हये, साहेब. चेडवाचा लगीन आसा."

टिपणीसने एक नोट उचलली, उजेडात धरली, हुंगली आणि वाचून दाखवली. "यात पैसे हा शब्द कुठे आहे, दाखव. धारकास जेवण. बँक दिल्या वचनाला जागते, बाबाजी. बस, जेव."

"सगळा?"

"सगळं. आम्ही कुठे नाही म्हणतोय?"

बाबाजी बसला. चौथ्या ताटाला तो त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये पोचला आणि तिथेच आडवा झाला. पाच वर्षांची भूक एका बैठकीत वसूल होत नाही, हे बँकशास्त्रातलं तत्त्व त्याला तेव्हा कळलं.

पडल्या पडल्या त्याला सुचलं की नोटेवर बाबाजी असं लिहिलेलं नाही, धारक लिहिलंय. त्याने खोलीतल्या गाववाल्यांना नोटा निम्म्या भावात विकायला काढल्या आणि जेवायला पाठवलं. पाचसहा जण एकदम आले तेव्हाच कॅम्पात बातमी पसरली की बाबाजी बँकेतून काढून घेतोय. बाबाजीसारखा जुना ठेवीदार काढतोय म्हणजे आतलं काहीतरी असणार. जो तो डबे, उश्या, गाद्या उसवून नोटा घेऊन धावला. युसुफ अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासह आला. यल्ला, यल्ला करीत रांग ग्रोसरीच्या पलीकडे गेली. दुपारी दोनला पीठ संपलं.

टिपणीसने शांतपणे सूचना लावली. जुन्या नोटा आजपासून रद्द. बदलून नव्या मिळतील, मात्र धारक त्या त्या दिवशी खरोखर उपाशी होता याचा दाखला हवा : टायपिंग सेंटरमधून टाइप केलेला, अरबी भाषांतरासह, अटेस्टेड. दाखला कोण देणार, असं कोणी विचारलं की तो "इन्शाल्ला" म्हणे.

टायपिंग सेंटरवाल्याने बाबाजीला विचारलं, भूक कुठल्या कॅटेगरीत टाकू, मेडिकल की पर्सनल? बाबाजी परत आला आणि पासपोर्ट उघडून टेबलावर ठेवला. फोटो नव्वद सालचा. त्यात गुबगुबीत गालांचा एक माणूस होता. शेजारी बाबाजीने स्वतःचं तोंड धरलं.

वहिनी लाटणं हातात घेऊन बघायला आल्या. "हो कोण?"

"मीयाच, वयनी."

टिपणीसने फोटोवरून बाबाजीवर आणि बाबाजीवरून फोटोवर बराच वेळ नजर फिरवली. "पुरावा ग्राह्य आहे," तो म्हणाला, आणि उरलेल्या सगळ्या नोटांच्या बदल्यात त्याने बाबाजीला नवी, कोरी, एकच नोट दिली : 'धारकास सहाशे जेवणे.' अल ऐनमध्ये तिची मोड कोणाकडेच नव्हती. कमरुद्दीन म्हणाला, "छुट्टा लाओ भाई."

निघायच्या सकाळी वहिनींनी उधारीवर पिठाची गोण आणली आणि त्र्याण्णव सालच्या मापाच्या चपात्या लाटल्या. विमानात चालतील तेवढ्या त्यांनी फडक्यात बांधून दिल्या. बँकेने कधी काही चुकतं केलं असेल तर तेवढंच.

लग्नासाठी बाबाजीने गावच्या बँकेतून कर्ज काढलं. काउंटरवर कोऱ्या करकरीत शंभराच्या नोटा मिळाल्या. त्याने एक उजेडात धरली, हुंगली, मग वाचली : 'मैं धारक को सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ.' त्याने ती काउंटरवर परत सरकवली.

"द्या तर मगे," तो म्हणाला.

कारकुनाने बुचकळ्यात पडून दुसरी शंभराची नोट दिली. बाबाजीने ती वाचली. "ह्येच्यावरय ताच लिवलेला आसा."

गलका ऐकून मॅनेजर बाहेर आले, काय हवंय म्हणून विचारलं. बाबाजी काउंटरवरून वाकून आतल्या तिजोरीकडे बघत होता.

"साहेब," त्याने हळूच विचारलं, "पीठ खय आसा?"

सगळी रांग पोट धरून हसली. आखातात राहून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं मॅनेजरही म्हणाले, आणि तेही हसले. आपणही हसला असाल. हरकत नाही. हसून झालं की खिशातली एक नोट काढा, उजेडात धरा आणि तेलाचा डाग दिसतो का तेवढं बघा.