हल्लेखोर दुपारी झोपतो

सर्व्हरकाकांनी घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड रविवारी बदलले, आणि बुधवारी सकाळी काकूंचं मेल उघडेना.

काका नोकरीत असताना लिफ्ट दुरुस्त करत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मनावर घेतलं की आपली पत्रं आपल्याच घरात असली पाहिजेत, परक्यांच्या गोदामात नव्हे. म्हणून त्यांनी एक जुना संगणक मेलचा सर्व्हर केला आणि चपलांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला. कपाटाला जाळीचं दार होतं, हवा खेळती राहायची. वर सर्व्हर, खाली चपला, आणि कपाटाच्या डोक्यावर तारेचा जुना फोन. तो फोन आता काढून टाकू या, असं काका वर्षभर म्हणत होते. पण सासूबाईंना, म्हणजे काकूंच्या आईला, मोबाइलवर बोलल्यासारखं वाटत नसे, म्हणून तो राहिला. 'सर्व्हरकाका' हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं. ते कौतुकानं ठेवलं की चेष्टेनं, या भानगडीत काका कधी पडले नाहीत.

एरवी काकूंनी मेलकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. त्या जुन्या पुस्तकांची बांधणी करायच्या, बोटांना सदा खळ लागलेली. पण त्या दिवशी गोष्ट वेगळी होती. शहराच्या ग्रंथालयात बांधणीचा वर्ग सुरू व्हायचा होता आणि तो आपण शिकवावा, ही त्यांची दोन वर्षांची इच्छा. अर्ज केला तेव्हा त्यांनी शेजारणीसारखा साधा फुकटातल्या मेलचा पत्ता लिहायचं ठरवलं होतं. काकांनीच हट्टानं घरचा पत्ता लिहायला लावला. "छाप पडते," म्हणाले होते.

काकांनी लॅपटॉपवरून सर्व्हरच्या पोटात डोकावून पाहिलं. ग्रंथालयाचं पत्र येऊन पडलं होतं. त्यांनी ते काकूंच्या परवानगीनं वाचून दाखवलं: निवड झाली आहे, आज संध्याकाळी पाचपर्यंत याच मेलवरून होकार कळवावा, न कळवल्यास पुढच्या उमेदवाराला विचारण्यात येईल.

काकू हरखल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पत्र चपलांत आलंय, आणि मला उत्तर देता येत नाही."

"पाच मिनिटांचं काम आहे," काका म्हणाले.

लिफ्टमध्ये माणसं अडकली की बाहेरून ते हेच सांगायचे.

त्यांनी सेटिंग्ज उघडली. आधी नाव पूर्ण पत्त्यासकट घालून पाहिलं, मग नुसतंच. सुरक्षित जोडणी बदलली, पोर्ट म्हणतात त्या दाराचा क्रमांक बदलला, तो परत पहिला केला. सर्व्हर एकच पालुपद लावून बसला होता: प्रवेश नाही. काकूंनी ग्रंथालयात फोन लावून पाहिला, तो एकसारखा गुंतलेला. "जाऊन सांगून येऊ का?" त्यांनी विचारलं. काकांना ते फार लागलं. घरात स्वतःचा सर्व्हर असताना बायकोनं निरोप द्यायला पायी जायचं, म्हणजे अब्रूच गेली.

शेवटी त्यांनी सर्व्हरची नोंद वाचली आणि त्यांचा चेहराच बदलला. कुणीतरी सकाळपासून चुकीच्या पासवर्डनं आत शिरायचा प्रयत्न करत होतं. सर्व्हरवर काकांनी एक राखणदार बसवला होता. एका पत्त्यावरून तीनदा चुकीचा पासवर्ड आला की तो त्या पत्त्याला तासभर दार बंद करायचा. राखणदार आपलं काम चोख करत होता आणि हल्लेखोर काही दमत नव्हता. शिवाय तो येत होता तो थेट सासूबाईंच्या खात्यावर.

"म्हातारं माणूस हेरलंय बदमाशानं," काका म्हणाले.

"पण मग माझं का बंद?"

"अगं, हल्ल्याच्या गडबडीत होतं तसं," काका म्हणाले. हे उत्तर त्यांचं त्यांनाही फारसं पटलं नव्हतं, पण ते आवाज चढवून दिल्यामुळे निभावलं.

सासूबाई जेवायला आल्या तेव्हा काकांनी त्यांना सावध केलं. तुमच्या नावानं कुणीतरी घुसू पाहतंय, काही विचारलं तर सांगू नका, घाबरू नका, मी आहे. सासूबाई म्हणाल्या, "हो." त्या कशालाही हो म्हणायच्या. आणखी भात वाढू का, खिडकी लावू का, टीव्ही बंद करू का, सगळ्याला हो. कुणी आपुलकीनं विचारलं तर नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं.

जेवणानंतर एकदम शांतता पसरली. हल्ला थांबला. तासाभरानं काकूंनी मेल उघडून पाहिलं तर ते सुतासारखं सरळ उघडलं. त्या होकार लिहायला बसणार, तेवढ्यात काकांनी त्यांचा हात धरला.

"थांब. हा सापळा आहे."

"अहो, चालतंय ना आता?"

"तेच तर. तो मुद्दाम गप्प बसलाय. तू पासवर्ड टाकलास की तो टिपून घेणार. आधी मला बंदोबस्त करू दे."

त्यांनी मेल मिटवलं आणि बंदोबस्ताला लागले. नोंदी पाहता पाहता त्यांना एक शोध लागला. हल्लेखोर पहाटे उठायचा, चहाच्या वेळी थांबायचा, आणि काल, परवा, आज, तिन्ही दिवस दुपारच्या जेवणानंतर साफ गायब व्हायचा. काकांनी जगाचा नकाशा काढला. दुपारी झोपण्याची पद्धत असलेले देश कोणते आणि तिथे आत्ता किती वाजलेत, याचा हिशोब मांडण्यात त्यांचा बराच वेळ छान गेला. काकू समोर बसून घड्याळाकडे बघत होत्या.

"मी लिहू का आता?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"लिही," काका उदार होऊन म्हणाले. काकूंनी मेल उघडायला घेतलं. प्रवेश नाही.

हल्लेखोर जागा झाला होता.

आता मात्र काका पेटले. त्यांनी नोंदीतला हल्लेखोराचा पत्ता, ते ठिपके घातलेले आकडे, कागदावर उतरवले आणि कपाटावरच्या तारेच्या फोनवरून इंटरनेट कंपनीला फोन लावला. मदत कक्षातल्या मुलीनं आकडे तपासले आणि म्हणाली, "काका, हा तर आमच्याच एका ग्राहकाचा पत्ता आहे. तुमच्याच भागातला."

काकांना इतका आनंद लिफ्टमधला बिघाड सापडल्यावरही कधी झाला नव्हता. "भागातला? मला वाटलंच. सकाळपासून माझं लक्ष आहे त्याच्यावर. त्याची जोडणी ताबडतोब तोडा."

"तोडायची? तुमची खात्री आहे ना?"

"शंभर टक्के. आणि मी सांगितल्याशिवाय जोडू नका."

मुलीनं तक्रार लिहून घेतली, काकांचा हा फोन नंबर घेतला आणि शुभेच्छा दिल्या. काकांनी रिसीव्हर ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "आता बघ." काकू बघत होत्या. भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याचे हिरवे दिवे एकेक करून विझले आणि एक लाल दिवा लागला.

"जाता जाता घाव घातला त्यानं," काका म्हणाले, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

तेवढ्यात काकूंचा मोबाइल वाजला. इंटरनेटची जोडणी त्यांच्या नावावर होती. त्यांनी फोन कानाला लावला, ऐकत राहिल्या, आणि हळूहळू त्यांची नजर नवऱ्यावर येऊन थांबली.

"माझ्याविरुद्ध तक्रार?" त्या फोनमध्ये म्हणाल्या. "कोणी केली?... नाव सांगता येत नाही. बरं... गृहस्थ आहेत. खूप चिडलेले... सकाळपासून माझ्यावर लक्ष ठेवून आहेत, असं म्हणाले?... हो, ते खरंय. ठेवून आहेत."

त्यांनी फोन ठेवला. काका लाल दिव्याकडे बघत बसले. घरातली सगळी यंत्रं बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यानं दिसतात, एका घराची पाटी एकच असते तशी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरचं मेल घरातच जाताना बाहेरून वळसा घालून येतं, हेही ठाऊक होतं. ती तजवीज त्यांनी स्वतःच केली होती. फक्त कंपनीनं मागच्या महिन्यात बदलून दिलेला नवा पत्ता त्यांनी पाठ केला नव्हता.

"म्हणजे चोर घरातच आहे," ते खोल आवाजात म्हणाले.

"चोर राहू द्या. पायात घाला काहीतरी. चालत गेलो तर पोचू."

काकू आईला सांगायला तिच्या खोलीत गेल्या, मागोमाग काकाही. सासूबाई दुपारची झोप आटोपून खुर्चीत बसल्या होत्या. समोर टेबलावर फोटो दाखवणारी चौकट होती. काका-काकूंची परगावची लेक आजीच्या मेलवर फोटो पाठवायची आणि ते चौकटीत आपोआप दिसायचे. सध्या तिच्यात काकांचा एक फोटो होता, चपलांच्या कपाटात डोकं खुपसलेला, म्हणजे मुख्यतः मागून. त्यावर एक पाटी आली होती: 'पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा प्रयत्न करू?' सासूबाईंनी बोट पुढे करून 'हो' वर हलकेच टेकवलं.

"रविवारपासून विचारतंय बिचारं," त्या म्हणाल्या. "मी म्हणते, कर बाबा. पण जावईबापू, तुमची पाठ काही हलत नाही."

रविवारी काकांनी नवा पासवर्ड सगळ्यांना सांगितला होता. चौकटीला सांगायचा राहिला होता.

दोघं कपाटातून चपला काढून निघाली. रस्ताभर काकूंनी एकदाही 'मी सांगत होते' म्हटलं नाही, आणि त्यामुळे काकांना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोचं दोन वर्षांचं स्वप्न आपल्या हौसेपायी बुडणार, या विचारानं त्यांचे पाय उचलत नव्हते. तरी ते काकूंच्या पुढे पळत होते.

ग्रंथालयाच्या बाई खिडकी लावायच्या बेतात होत्या. काकूंनी धापा टाकत आपली ओळख सांगितली.

"अहो, तुम्ही कशाला धावत आलात?" बाई म्हणाल्या. "उत्तर आलं नाही म्हणून मी मघाशी पुन्हा मेल केलं, ते परत आलं. मग अर्जावरच्या घरच्या नंबरवर फोन केला. तुमच्या आईंनी उचलला. मी विचारलं, लेकीला जमेल का शिकवायला? त्या म्हणाल्या, हो."

काकू मटकन बाकावर बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. काकांनी खिशातून रुमाल काढून दिला. बांधणीवाल्या बाईच्या नवऱ्याच्या खिशात असतो तसाच, खळ लागलेला.

"आणि हो," बाई काकांकडे वळल्या, "आमचंही मेल सारखं बंद पडतं. घरात कुणी जाणकार आहे का, तेही मी विचारलं. त्याही बाबतीत आई हो म्हणाल्या. सोमवारपासून येणार ना?"

काकांनी बायकोकडे पाहिलं. काकूंनी रुमालाआडून मान हलवली. "येतो," काका म्हणाले, आणि दोघं रमतगमत, दुकानं बघत घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी चौकटीत नवा पासवर्ड घातला. इंटरनेट तेवढं सुरू व्हायचं होतं. काकूंनी कंपनीला सगळा प्रकार समजावला होता. तक्रार करणाऱ्या गृहस्थांना एकदा विचारून लगेच जोडतो, असं आश्वासनही मिळालं होतं. काका निश्चिंत मनानं आंघोळीला गेले.

ते बाहेर आले तेव्हा सासूबाई तारेचा फोन खाली ठेवत होत्या.

"कुणाचा होता, आई?"

"कुणी मुलगी होती, फार गोड बोलत होती," सासूबाई म्हणाल्या. "त्या माणसाची जोडणी तोडलीय, ती तशीच तोडलेली ठेवू का, म्हणून विचारत होती."