विसाजीपंतांनीं रक्ताचे आंकड्यांतून ताप वजा केला ती हकीकत

श्रीधन्वंतरीचे पायीं मस्तक ठेवून, ऐकिलें तैसें लिहिलें. शके एकोणीसशें त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सरीं, भाद्रपद मासीं महाराजांस चिंता उत्पन्न जाहली कीं, डोंगरपट्टीच्या गरोदर बायकांस सरकारांतून लोहाच्या गोळ्या मिळतात त्या पुरतात किंवा नाहीं. मग आज्ञा जाहली आणि रक्तपरीक्षेचे मुख्य विसाजीपंत यांणीं चारशें बायकांचें रक्त आणवून यंत्रांत घालून पाहिलें, तों अंगींचा लोहसाठा उत्तम निघाला, कमी अवघा साठ जणींचा. पंतांनीं सही केली, दरबारांत वाहवा जाहली आणि दिवाणजींनीं गोळ्या बंद केल्या.

परंतु पंतांचें चित्त ठिकाणीं राहीना. रक्त आणणारे सांगत कीं बायका फिकट दिसतात, आणि साठा भरपूर, हें मनास पटेना. मग मार्गशीर्षांत स्वतां डोंगरपट्टीस गेले आणि तेथें अंबूबाई सुईण भेटली, तिणें तानूबाई नामें सात महिन्यांची गरोदर बाई दाखविली, ती हंडा उचलितां दोनदां चक्कर येऊन पडली होती आणि पापणी ओढून पाहतां आंत लाली म्हणोन नव्हती. पंत बोलिले कीं, हिचा साठा तर चांगला लिहिला आहे. तेव्हां सुईण म्हणाली, "लिहिला असेल, पंत. पण रक्त घेतलंत तेव्हां ही तापानं फणफणत होती. हीच नाही, अर्धी वाडी."

हें ऐकोन पंत तैसेच माघारे फिरले, वाटेंत अन्नास शिवले नाहींत आणि येतांच दप्तर उघडिलें, तों ज्यांस ताप त्यांचेच आंकडे सर्वांहून मोठे. मग ध्यानीं आलें कीं तापानें देहीं दाह असतां रक्तांतील साठ्याची खूण फुगते, लोह कांहीं वाढत नाहीं. मग बर्फांत राखिलेलें रक्त पुन्हा काढिलें आणि या खेपेस दाहही मोजिला, आणि जिचे अंगीं जितका दाह त्या मानानें तिचा आंकडा खालीं उतरविला, आणि जीस दाह नाहीं तिचे आंकड्यास हात लाविला नाहीं. आठ दिवस मांडीत आणि मोडीत बसले. अखेर कमी साठ्याच्या बायका साठ नव्हेत, एकशें पन्नास निघाल्या.

तो कागद घेऊन दरबारीं गेले. दिवाणजी रुष्ट होऊन बोलिले कीं सहीचा आंकडा फिरविणें ही दरबाराची नाचक्की. पंत म्हणाले, "आंकडा फिरविला नाहीं. त्यांतून ताप वजा केला. चूक माझी आहे." महाराजांनीं इतकेंच पुसिलें, "गोळ्या बंद होऊन दिवस किती जाहले?" पंत म्हणाले, "एकुणसाठ." तत्क्षणीं आज्ञा सुटली कीं आधीं तापाचें औषध द्यावें आणि लोह लागलेंच सुरू करावें.

पंत स्वतां गोळ्या घेऊन डोंगरपट्टीस पोंचले, तों तानूबाई तीन दिवस आधींच बाळंत जाहली होती, दिवस भरण्यापूर्वीं, आणि रक्त फार गेलें होतें. मूल लहानसें, परंतु जिवंत. तिणें पडल्या पडल्या गोळी घेतली आणि विचारिलें, "आतां बंद नाही ना करणार?" पंतांनीं पाण्याचें भांडें तिचे हातीं दिलें.

येणेंप्रमाणें जाहलें. पुढें बाई वांचली, आणि रक्त घ्यावें तेथें दाहही मोजावा ऐसा शिरस्ता पडला. विसाजीपंतांस मात्र सही करितां पूर्वींची स्वस्थता आली नाहीं.