हसुराम नाखव्यांच्या पेटीतली भरती

हसुराम नाखवा मोबाईलवरचं स्लॉट मशीन खेळायच्या आधी तिथी बघायचे.

थट्टा करत नाही मी. आमच्या विचुंब्याच्या सोसायटीत मुहूर्त बघून गाडी घेणारे आहेत, मुहूर्त बघून वॉशिंग मशीन लावणारेही आहेत. पण जुगाराला तिथी लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायचे, मग बाल्कनीत जाऊन वाऱ्याकडे तोंड करायचे आणि आत येऊन गंभीरपणे सांगायचे, "आज पंचमी. पानी पावनेचारला. तवर पेटीला हात लावायचा नाय."

पेटी म्हणजे मोबाईलमधलं ते मशीन. तीन चाकं गरागरा फिरतात, तीन सारखी चित्रं आली की पैसे मिळतात, नाही आली की आपले जातात. बहुतेक वेळा नाहीच येत.

नाखवा मूळचे उरणकडचे कोळी. सगळी हयात समुद्रात गेली. बायको गेल्यावर बंदरात नोकरीला असलेल्या मुलानं, रोहिदासनं, त्यांना इथे आणलं. आमच्या समोरचंच दार. आता आमच्या बिल्डिंगमधून समुद्र दिसत नाही. गच्चीवर गेलात तर लांब कर्नाळ्याचा सुळका दिसतो आणि बाल्कनीतून दिसतात ते समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले कपडे. पहिल्या दिवशी नाखवा बाल्कनीत उभे राहिले, इकडे तिकडे बघितलं आणि मला म्हणाले, "बाय, हितं पानी कुठल्या अंगाला?" मी त्यांना पाण्याच्या टाकीचा वॉल्व्ह दाखवला. कर्म माझं!

दुसऱ्या दिवशी ते चहाला आले तेव्हा म्हणाले, "म्हातारीला गावाला, करंज्याला ठेवून आलोय. जीव लागत नाय." मला वाटलं, आई असेल. मी हळहळले. पुढे म्हणाले, "दोन फळ्या कुजल्यात तिच्या. बुडाला भोक पडलंय." माझ्या हातातला कप तसाच राहिला. आमच्या ह्यांनी पेपर खाली घेतला. मग कळलं, म्हातारी म्हणजे त्यांची होडी.

या म्हातारीवरून बाप-लेकात धुसफूस होती. रोहिदास म्हणायचा, "बाबा, तुमचे गुडघे गेलेत, होडी किनाऱ्यावर सडतेय, गिऱ्हाईक आहे तोवर देऊन टाका." नाखवा नाही म्हणायचे. शेवटी रोहिदासनं मुदत घातली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असतात, डागडुजी तेव्हाच होते. नारळी पौर्णिमेपर्यंत नाखव्यांनी स्वतःच्या पैशानं म्हातारीच्या फळ्या बदलल्या तर ती राहील, त्यांचा पुतण्या तिच्यावर मासेमारीला जाईल. नाही बदलल्या तर ती विकायची. नाखव्यांकडे जाळी विकून आलेले पैसे बँकेत होते. सुताराच्या अंदाजापेक्षा ते थोडे कमी पडत होते. थोडेच. त्या थोड्यानं घात केला.

मोबाईलवर ते मासेमारीचे व्हिडिओ बघायचे. मध्येच जाहिरात आली. निळं पाणी, मासे, खजिन्याची पेटी. दाबून बघितलं तर पहिले डाव फुकट, आणि फुकटच्या डावात पेटीनं भरभरून दिलं. नाखवा धावत आमच्याकडे आले. "बाय, पयल्याच दिवशी दर्या पावला!"

"अहो नाखवा, ते फुकटातलं सोंग आहे. मासा गळाला लागावा म्हणून आधी आमिष टाकतातच ना तुम्ही?"

"आमी जाळ्यानं धरतो. आमिष गळवाले टाकतात," ते म्हणाले.

मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. त्यामुळे हा माणूस सुधारायची जबाबदारी आपलीच, असं मी धरून चालले. आणि त्यांचं ते तिथीचं गणित, खरं सांगायचं तर, मला आवडलं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. समुद्राच्या बाबतीत ते बरोबरच आहे. फक्त मोबाईलमध्ये समुद्र कुठून आला, एवढाच माझा प्रश्न होता.

नाखव्यांचं म्हणणं साधं होतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी जोरात, तेव्हाच जाळं भरतं. अष्टमी-एकादशीला भांग, पाणी मेलेलं, तेव्हा जाळं टाकू नये. पेटीही तशीच. "भांगाला घेते, उधानाला देते. आता लय घेतलंय तिनं. जेवडी ओहोटी मोठी, तेवडी भरती मोठी."

"नाखवा, त्या मशीनला आधीचं काही आठवत नाही. प्रत्येक डाव नवा. शंभर वेळा हरलात म्हणून एकशेएकाव्यांदा जिंकायची शक्यता वाढत नाही."

"आसं कसं? गेलेलं पानी परत येनार नाय तं जाईल कुठं?"

मी रुपयाचं नाणं काढलं. म्हटलं, हे बघा, उडवते. पाच वेळा छापा आला. विजयी मुद्रेनं विचारलं, "आता पुढे काय येईल?" ते म्हणाले काटा. मी म्हटलं, छाप्याचीही शक्यता तेवढीच. उडवलं, आणि मेलं नेमका काटाच आला! नाखवा इतके हसले की खोकला लागला. वर मलाच दिलासा दिला, "आसू दे बाय. तुमचं नानं गोड्या पान्यातलं हाय."

एकेक नियम असे होते त्यांचे की ऐकत राहावं. कळ कधी पटकन दाबायची नाही. अंगठा हळूच टेकवायचा, हळूच उचलायचा, कारण जाळं झटक्यानं ओढलं की फाटतं. मी घसा कोरडा करून सांगितलं की चाकं फिरताना दिसतात ती नुसती दिसायला, निकाल कळ दाबताच ठरतो, तुम्ही अंगठा लावा नाहीतर नाक लावा. त्यांनी एकदा नाक लावून बघितलं. म्हणाले, "नाकाला देत नाय. बगा, हाताचाच गुन हाय."

आणि ती पेटी ते कधी बंद करत नसत. जेवताना, झोपताना, देवळात जाताना मोबाईल आपला चालूच. का? तर त्यांच्या समुद्रात डोल जाळी लावायला खुंट रोवलेले असतात, ज्याचा त्याचा खुंट ठरलेला. आपला खुंट रिकामा ठेवला की दुसरा येऊन जाळं लावतो आणि आपल्या वाटणीचं म्हावरं घेऊन जातो. "मी उठलो, आन दुसरा कोनी येऊन बसला, तं माजी भरती त्याला मिळंल." आमचे हे म्हणाले, "बरोबर आहे, मी पण रिक्षाच्या रांगेतून हलत नाही." घरातलीच माणसं अशी फितूर झाल्यावर मी कुणाकुणाला शिकवणार?

सगळ्यात वाईट होता तो हुकलेला मासा. दोन चाकांवर लाल मासा यायचा आणि तिसऱ्यावर अर्धा वर येऊन थांबायचा. नाखवा मोबाईल घेऊन धावत यायचे. "बगा, बगा, शेपटी दिसत व्हती! आलाच व्हता!"

"तो आला नव्हता. आल्यासारखा दाखवतात. म्हणजे तुम्ही उठू नये."

"नाय बाय. मासा जाळ्याला घासून गेला म्हंजे खाली झुंड हाय." मग जरा वेळ त्या माशाकडे बारकाईनं बघून म्हणायचे, "पन ह्याला कल्ले नाय काडले मेल्यांनी. जगतो कसा?"

माशाला कल्ले नाहीत हे त्यांच्या लक्षात यायचं, आणि पुढचं काहीच लक्षात येत नव्हतं. याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

मी आपली रोज कॉलेजला निघताना लिफ्टपाशी विचारायची, "काय नाखवा, आज पाणी कधी?" ते खुलायचे. वेळ सांगायचे, वारा सांगायचे, कुठल्या होड्या आत्ता कुठे असतील ते सांगायचे. लिफ्ट येऊन निघून जायची, माझं पहिलं लेक्चर बोंबलायचं. मला वाटत होतं, दहा-वीस रुपयांचा खेळ चाललाय, म्हातारा माणूस रमतोय, रमू दे. मध्ये आषाढातल्या अमावास्येला पेटीनं त्यांना खरंच बऱ्यापैकी पैसे दिले. झालं! उधाणाचा सिद्धांत सिद्ध झाला. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या मजल्याला तळलेली मांदेली वाटली. फळ्यांचे पैसे बँकेतून निघून त्या पेटीत चाललेत, हे मला कळलं ते नारळी पौर्णिमेलाच.

त्या दिवशी सकाळी नाखव्यांनी नवा सदरा घातला होता. खिडकीत नारळ ठेवून त्याला हळद-कुंकू वाहिलं होतं. रोहिदास ड्युटीवर होता. त्यांनी मला आणि ह्यांना बोलावून समोर बसवलं. "वर्साचं मोठं उधान. पानी सव्वाअकराला. तुमी बसा, शुभ हाय." मला वाटलं, सणाचा एखादा डाव खेळतील आणि नारळीभात देतील.

सव्वाअकरा झाले. नाखव्यांनी अंगठा कपाळाला लावला आणि हळूच टेकवला. चाकं फिरली. काही नाही. परत टेकवला. काही नाही. कोपऱ्यातला आकडा उतरत चालला होता. तो आकडा आता माझ्या नीट लक्षात आला.

"नाखवा, हे किती पैसे आहेत? कुठले आहेत?"

"थांबा बाय. पानी चडतंय."

"फळ्यांचे आहेत का? अहो, बोला ना!"

ते अंगठा टेकवत राहिले, तसाच हळू, तसाच मायेनं. मी मोबाईल ओढायला गेले तर ह्यांनी माझा हात धरला. तो का धरला यावरून आमचं अजून भांडण होतं. लाल मासा दोनदा शेपटी दाखवून गेला. मग आकडा संपला आणि पडद्यावर एक बाई नाचत आली नि म्हणाली, पैसे भरा आणि नशीब आजमावा.

नाखव्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "पानी उतराय लागलं आसंल," ते म्हणाले. मग मोबाईल उलटा करून टीपॉयवर ठेवला, आणि इतके महिने चालू असलेली ती पेटी त्यांनी खुंट सोडल्यासारखी सोडून दिली.

"तुमी बोलत व्हता ते खरं, बाय," ते म्हणाले. "ह्यात पानीच नाय."

आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित कुणाला तरी पटलं, आणि मला रडू आलं. म्हटलं, "देवा, मला खोटं तरी ठरवायचं होतंस."

म्हातारी त्याच महिन्यात गेली. घेणाऱ्यानं ती दुरुस्त केली नाही, लाकडासाठी फोडली. रोहिदास आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. पण त्यानं मोबाईल काढून घेतला आणि बटणांचा साधा फोन आणून दिला. ड्युटीवर जाताना मला म्हणाला, "मॅडम, थोडेच कमी पडत होते हो. माझ्याकडे मागितले असते तर मी दिले नसते का? मीच हट्टाला पेटलो होतो." बाप मागणार नाही आणि लेक आपणहून देणार नाही, यात ती होडी गेली.

मीही मग लिफ्टपाशी पाण्याचं विचारायची बंद झाले. मला वाटलं, जखमेवर मीठ कशाला चोळा. खाली बघून "चला, येते" म्हणायची आणि निघायची. नाखवा दारात उभे असायचे. ते नुसती मान हलवायचे.

परवा दुपारी बेल वाजली. नाखवा होते. आत आले नाहीत, उंबऱ्याशीच उभे राहिले. हातात काही नव्हतं.

"आज एकादशी," ते म्हणाले. "पानी सव्वाआठला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आता कशाला नाखवा? पेटी गेली ना?"

"पेटी गेली. पानी येतंच हाय ना." मग चौकटीवरून हात फिरवत म्हणाले, "गावाला रोज कोन ना कोन इचारायचं. नाखवा, पानी कवा? पोरं इचारायची, बाया इचारायच्या, सुकट वाळवनाऱ्या म्हाताऱ्या इचारायच्या. हितं आलो आन इचारनारं कोनीच नाय. पेटी लागली तवा तुमी इचाराय लागल्या. रोज. मना वाटायचं, पेटी सोडली तं बाय इचारायची बंद होईल."

मी दाराला धरून उभी राहिले. तिथीची पाऊणपट येते, शक्यता येते, सगळं येतं मला. हे एवढं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. फार वाईट वाटलं, अजून वाटतंय. हात धरून त्यांना आत आणलं, खुर्चीत बसवलं आणि चहा ठेवला. स्वयंपाकघरातून डोळे पुसत जरा मोठ्यानंच विचारलं, "आणि उद्या हो नाखवा? उद्या पाणी कधी?"

त्यांनी बोटं वर केली. पेरं मोजली. गणित त्यांना केव्हाच पाठ होतं, तरी सावकाश मोजली.

"उद्या द्वादशी. नऊला," ते म्हणाले. "भांग सरला. परवापासून पानी जोर धरील, मंग होड्या निघतील."