टक् म्हणजे डोस

“आई, या रविवारी तुम्ही तुमच्या स्वतःच्या घरी चहा पिणार! लिहून घ्या!”

थेंबमास्तरांनी सासूबाईंना हे जाहीर केलं तेव्हा त्यांचा एक हात कमरेवर होता. ऐटीत नव्हे, कंबर धरली होती म्हणून. सासूबाई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ‘चार दिवस’ म्हणून आल्या, त्यांना झोपायची खोली दिली आणि थेंबमास्तर हॉलमधल्या सोफ्यावर आले. सोफा त्यांच्यापेक्षा वीतभर आखूड. त्या चार दिवसांत दोन ऋतू बदलले होते.

ऑपरेशन झालं, पण दिवसातून तीनदा डोळ्यांत औषधाचा थेंब कायमचा मागे लागला. सासूबाईंचा हात थरथरायचा. थेंब कपाळावर पडे, कानात पडे, एकदा तर शेजारी बसलेल्या जावयाच्या चहात पडला. एकटीने राहायचं तर थेंब एकटीने घालता यायला हवा. ते जमत नव्हतं आणि म्हणून मुक्काम हलत नव्हता. त्यांचा सगळा जीव त्यांच्या बंद घरात, गॅलरीतल्या कुंड्यांत अडकलेला. आपण जावयाच्या घरी अडचण झालोय याची त्यांना लाज वाटे. त्या एकदाच्या जाव्यात असं आपल्याला वाटतं, याची थेंबमास्तरांना लाज वाटे. परिणामी दोघं एकमेकांशी भयंकर गोड बोलत.

“राहा हो आई, घाई काय आहे?”

“छे हो, तुमच्या झोपेची आबाळ होते.”

“सोफा उत्तम आहे!” थेंबमास्तर म्हणत आणि उठताना मणके कडकड वाजत.

पण आता इलाज सापडला होता. औषधांच्या बाटल्या, बुचं आणि नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात थेंबमास्तर डिझायनर होते. एकच थेंब पाडणारं यंत्र बनवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं, आणि ते करता करता हे टोपणनावही चिकटलं. यंत्र पेनाएवढं. पुढे एका डोसाची इवलीशी कुपी बसवायची, वाटीसारखं तोंड डोळ्यावर टेकवायचं, बटण दाबायचं. आतली स्प्रिंग सुटते, टक् असा आवाज होतो आणि एक थेंब पडतो. मग कुपी रिकामी.

त्यातलं ते ‘टक्’ म्हणजे थेंबमास्तरांचा जीव की प्राण! “पेशंटला खात्री नको का? टक् म्हणजे डोस. टक् नाही, तर डोस नाही!”

ऑफिसात यंत्र एकदाही चुकलं नव्हतं. साहेबांपासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांनी वर्षभर मिठाचं पाणी डोळ्यांत पाडून घेतलं होतं. या वर्षभरात सगळ्यांचे डोळे निगरगट्ट झालेत, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

घरी सासूबाईंनी यंत्र डोळ्यावर धरलं. टक्! त्या दचकल्या, डोळा गच्च मिटला, थेंब पापणीवर.

“पडला का, आई?”

“पडला की. गालावर ओघळतोय.”

पुन्हा टक्, पुन्हा गाल. थेंबमास्तरांनी निकाल दिला, “यंत्र बरोबर आहे. डोळ्याला सवय नाही.”

“मग ते टक् काढून टाक ना!” बायको म्हणाली.

“वर्ष गेलंय त्या टक्मध्ये माझं!”

मग सवय सुरू झाली. थेंबमास्तर बॉलपेन घेऊन सासूबाईंच्या मागे टक्टक् करत हिंडू लागले. बायको स्वयंपाकघरातून लायटर वाजवी. दिव्याचं बटण दाबलं तरी हॉलमधून आवाज यायचा, “नाही मिटला हो!” बिचाऱ्या सासूबाई स्टुलावर ताठ बसून डोळे फाडून भिंतीकडे बघत. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली, तर त्यांनी तिच्याकडे पापणी न हलवता असं काही पाहिलं की ती वाटी विसरून पळाली. सगळं घर दमलं. पण शेवटी जमलं! टक् व्हायचं, डोळा सताड उघडा, थेंब आत. सासूबाईंनी त्याच दिवशी बॅग भरली.

इकडे औषध कंपनीच्या मॅडम यंत्र बघायला येणार होत्या. त्यांची एकच अट होती: कारखान्याबाहेरचा खरा पेशंट हवा. थेंबमास्तरांनी ताबडतोब सासूबाईंना उभं केलं.

घोळ झाला तो साचेवाल्यामुळे. यंत्राचे साचे आणि स्प्रिंगा हा भला माणूस बघायचा. सरावाच्या त्या दिवसांत थेंबमास्तर चहा पिताना त्याच्यापाशी कुरकुरले होते, “या टक्ने जीव नकोसा केलाय रे!” साचेवाल्याचं मन द्रवलं. त्याने मॅडमना दाखवायच्या यंत्रात स्प्रिंगखाली रबराची चकती बसवली आणि टक् गायब! कोणाला बोलला नाही. बिचाऱ्याला सुखद धक्का द्यायचा होता.

मॅडम समोर बसल्या. साहेब घाम पुसत होते. टेबलावर ट्रेभर कुप्या, सगळ्यांत मिठाचं पाणी.

“बघा मॅडम,” थेंबमास्तर म्हणाले, “एकच थेंब!”

सासूबाईंनी बटण दाबलं. थेंब बरोब्बर डोळ्यात पडला. पण टक् नाही! टक् नाही, तर डोस नाही. सासूबाईंनी शांतपणे कुपी काढली, दुसरी बसवली, दाबलं. आवाज नाही. तिसरी बसवली. मध्ये बोलायचं नाही असं जावयाने बजावलेलं, त्यामुळे चकार शब्द नाही. डोळा सताड उघडा आणि गालावरून धार लागलेली!

“त्या रडताहेत का?” मॅडमनी दबक्या आवाजात विचारलं.

“भरून आलंय त्यांना,” साहेब प्रसंगावधान राखून म्हणाले. “इतक्या दिवसांनी स्वतःच्या हाताने...” हे बोलताना त्यांनी स्वतःचेच डोळे टिपले. मॅडमनी रुमाल काढला. सासूबाईंनी आणखी एक कुपी उचलली.

“आई, थांबा! पडला थेंब! केव्हाच पडला!”

“टक् कुठे झालं?”

साचेवाला कोपऱ्यात अभिमानाने हसत होता. थेंबमास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ डोळ्यांपुढे अंधार आला. त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं. टक्!

“हां, आता झाला,” म्हणत सासूबाईंनी यंत्र खाली ठेवलं.

नाइलाजाने सगळा प्रकार सांगावा लागला. मॅडम हसून हसून बेजार झाल्या, आणि मग म्हणाल्या, “पण आवाज नसलेलं यंत्रच बरं की! दचकायचा प्रश्नच नाही. हेच पास.”

साहेबांनी साचेवाल्याला मिठी मारली. थेंबमास्तरांच्या वर्षभराच्या टक्ची रवानगी त्याच दिवशी भंगारात झाली.

रविवारी सासूबाई आवाज नसलेलं यंत्र घेऊन आपल्या घरी गेल्या. कुंड्यांना पाणी घातलं, स्वतःच्या कपातून चहा प्यायल्या आणि फोनवर ढसाढसा रडल्या. या खेपेला खरोखर. थेंबमास्तर कित्येक महिन्यांनी आपल्या पलंगावर पाय पसरून झोपले.

सकाळी उजाडताच फोन वाजला.

“जावईबापू, फोन स्पीकरवर ठेवलाय. यंत्र डोळ्यावर धरलंय. करा.”

“काय करू, आई?”

“टक्!”

“अहो आई, पेन तर तुमच्याकडेही आहे!”

“माझे दोन्ही हात गुंतलेत. आणि आपणच वाजवलं, तर त्याला टक् काय म्हणायचं!”

तेव्हापासून दिवसातून तीनदा फोन येतो. थेंबमास्तर जेवत असोत, आंघोळीला गेलेले असोत, पेन सोबत असतं. परवा भर मीटिंगमध्ये फोन आला, आणि पेन नेमकं साहेबांनी सहीसाठी घेतलेलं. थेंबमास्तर टेबलाखाली वाकले आणि त्यांनी जिभेने हळूच केलं, “टक्.”



“हे तोंडाचं होतं,” सासूबाई अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या. “सावकाश पेन शोधा. मी तोवर दुसरी कुपी लावते.”