चारशे सतरा नंबरची गिटार

ज्या उन्हाळ्यात लातुरात चार दिवसांआड टँकर येत होता, त्या उन्हाळ्यात वाघमारे रांगेत उभा राहून दोन घागरी पाणी आणायचा आणि त्यातली एक गिटारीला द्यायचा. पाजायचा नाही, नुसती शेजारी ठेवायचा आणि घागरीच्या तोंडावर ओलं फडकं टाकायचा. हवा कोरडी झाली की गिटारीची मान वाकते, असं त्याचं म्हणणं. गल्लीतल्या बायका मात्र गिटारीआधी त्याचीच मान मोडायच्या बेतात होत्या.

गंगाधर वाघमारे कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. जिल्हा नवा होता, कचेरीही नवी होती. कोणती ते सांगत नाही, तिची अब्रू तेवढीच शिल्लक आहे. गडी बिलोलीकडचा. नोकरीआधी तो नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला, गायक मुंबईला गेला, ड्रमवाल्यानं पिठाची गिरणी टाकली आणि वाघमारे गिटारीसकट सरकारी नोकरीत आला.

गिटार लाल, दोन शिंगांची, विजेवर चालणारी. "जपानी हाय," हे तो इतक्या वेळा सांगायचा, की चहावाला त्यालाच जपानी म्हणू लागला. तिचा एकही स्क्रू बदललेला नव्हता. तारा बदलाव्या लागल्या तर जुन्या तारा पाकिटात घालून वर कार्यक्रमाचं गाव लिहून ठेवायचा. देगलूर, मुखेड, उमरी. एके ठिकाणी रंग पार उडाला होता. तिथं बोट ठेवून म्हणायचा, "हे माझ्या कोपरानं गेलंय बगा, जाधव भाऊ. बारा वर्सं लागली." लोक मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवतात तसा तो तो डाग दाखवायचा.

एकदा हैदराबादहून एक शौकीन माणूस जीप घेऊन आला. जुन्या गिटारी जमवणारे लोक असतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यानं भिंगातून एकेक स्क्रू पाहिला, उडालेल्या रंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, मागाल ती किंमत देतो.

"तुमी वाजवता काय?" वाघमारेनं विचारलं.

"नाही. काचेच्या कपाटात ठेवतो. माझ्याकडं अशा चाळीस आहेत."

"मंग न्हाई जमनार. च्या घ्या."

कपाटातून अशी वाचलेली ती गिटार शेवटी कचेरीच्या मांडणीवर गेली, आणि त्यात माझाही हात होता. वाघमारेच्या खोलीला पत्रे होते. एप्रिलमध्ये ते असे तापले, की घागरीनंही भागेना. आमची जुन्या फायलींची खोली निजामाच्या काळातली, हातभर जाडीच्या दगडी भिंतींची, म्हणून थंड. त्यानं गिटार गोधडीत गुंडाळून तिथं आणून ठेवली. मी होकार दिला, कारण त्या खोलीची किल्ली माझ्याकडं होती.

मग तो नात्यातल्या एका लग्नासाठी चार दिवस गावी गेला, आणि नेमका त्याच आठवड्यात कचेरीतल्या सामानावर नंबर टाकायचा हुकूम आला. पेंटरला सांगितलं होतं, खोलीत जे दिसेल त्यावर नंबर टाक. त्यानं खुर्च्यांवर टाकला, मांडण्यांवर टाकला, पाण्याच्या पिंपावर टाकला आणि गोधडी उलगडून गिटारीवरही पांढऱ्या ऑइलपेंटनं ४१७ टाकला. सामानाची वही माझ्याकडं होती. चारशे सोळानंतर एकदम चारशे अठरा लिहिलं तर मधला नग कुठं गेला, हे वरून विचारलं असतं. म्हणून मी लिहिलं, "तंतुवाद्य, लाल, विजेवरील, नग एक." साहेबांनी न वाचता सही केली आणि यादी वर गेली.

वाघमारे परत आला, त्यानं नंबर पाहिला आणि खाली बसला. "पुसून टाक," मी म्हणालो. "पुसलं तर खालचा रंग निगतो," तो म्हणाला. गिटार सरकारजमा झालीय, हे त्याच्या डोक्यात अजून शिरलंच नव्हतं.

चूक कबूल केली असती तर ती कुणाची हा प्रश्न आला असता, आणि तो फिरून माझ्याच टेबलाशी थांबला असता. मी भित्रा माणूस. मी दुसरी वाट काढली. मोडकी वस्तू तीन जणांची समिती तपासते, निरुपयोगी ठरवते आणि वहीतून काढते. एकदा भंगारात निघाली की वाघमारेनं ती उचलून घरी न्यायची, कुणी विचारणार नव्हतं. एवढ्यात त्याची जळकोटला बदली झाली. समिती बसली ती त्याच्या आमच्या कचेरीतल्या शेवटच्या दिवशी. त्या दिवशी निकाल लागला नाही, तर गिटार लातुरात राहणार होती.

"आतली एक वायर काढून ठेव," मी बजावलं. "आवाज निघता कामा नये."

"हाव," तो म्हणाला, आणि सकाळीच त्यानं ती काढली.

साहेब, हेडक्लार्क आणि एक इंजिनिअर खुर्च्या मांडून बसले. भिंतीत प्लग एकच, म्हणून साहेबांचा कूलर बंद केला. त्यात पाणी नव्हतंच. वाघमारेनं सायकलवरून आणलेला आवाजाचा डबा जोडला. इंजिनिअरनं खटका दाबला, तारेवर नख मारलं. नुसतं टिंग झालं.

"बंद आहे," इंजिनिअर म्हणाला. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. मी मनातल्या मनात सुटलो. आणि सही करण्याआधी साहेब सहज म्हणाले, "चालू असती तर काय वाजवलं असतं हो, वाघमारे?"

वाघमारेनं आधी साहेबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आयकता का?" त्यानं विचारलं. मी मानेनं नाही नाही म्हणत होतो. त्यानं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, झाकण उघडलं आणि वायर जोडली.

त्यानं एका जुन्या गाण्यातले गिटारीचे तेवढे तुकडे वाजवले. दोन तुकड्यांच्या मधे हात थांबवून तो नुसता पायानं ताल धरायचा. गाणारा नव्हता, पण त्याच्या ओळींची जागा वाघमारेनं सोडली होती. बारा वर्षं त्यानं तेवढंच वाजवलं होतं, मागं उभं राहून. हेडक्लार्क मान डोलवू लागले. कुणी उठलं नाही.

"चालू स्थितीत व उपयुक्त," असा शेरा वहीत पडला, म्हणजे गिटार सरकारचीच राहिली. तिघांनी सह्या केल्या. साहेबांचाही नाइलाज होता, आवाज अख्ख्या कचेरीनं ऐकला होता.

सगळे गेल्यावर मी त्याच्यावर भडकलो. वाघमारे तारा पुसत होता.

"लातूरला येऊन तीन वर्सं झाली, भाऊ," तो म्हणाला. "वाजव म्हनून कुनीच म्हनलं न्हाई."

तीन वर्षं मी हातभर अंतरावर बसत होतो. गिटारीची किंमत मी विचारली होती, स्क्रू मोजले होते, चेष्टा तर रोजच केली होती.

त्यानं गिटार गोधडीत गुंडाळून स्वतःच मांडणीवर ठेवली. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

"वहीत काय लिवलं, ते वाचा."

मी वाचलं, "तंतुवाद्य, लाल, विजेवरील, नग एक. चालू स्थितीत व उपयुक्त."

"जरा मोठ्यानं वाचा," तो म्हणाला.