घरी बोलू नका

वसंतमामा पंखा लावण्याआधी त्याला विचारत, "थकला नाहीस ना?" मग क्षणभर थांबून बटण दाबत. स्कूटरला किक मारताना "माफ करो भई" म्हणत. ते गेल्यावर त्यांचा पंखा माझ्याकडे आला. बटणावर माझा हात अजून अडखळतो.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. कुकटपल्लीच्या कारखान्यात ज्या लेथवर त्यांची उमर गेली, त्या लेथला ते 'बाईसाहेब' म्हणत. मामी वारल्यापासून घरी एकटेच असत.

परदेशी कंपन्यांना देशाची दारं उघडली, तेव्हाची गोष्ट. कारखान्याला नवा मालक मिळाला, टाय लावणारा मॅनेजर आला आणि बाईसाहेबांच्या शेजारी एक परदेशी यंत्र येऊन बसलं. खंडेनवमीला मामांनी रिवाजाप्रमाणे दोघींनाही थोडी विश्रांती दिली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. पाव्हणी असली म्हणून काय, सण तिलाही आहेच, असं त्यांचं म्हणणं.

दसऱ्याची सुट्टी संपवून गेले, तर त्यांना फाटकातच अडवलं. नोकरी संपली होती. यंत्राला काहीही फासणं कंपनीच्या नियमात बसत नाही म्हणे. तो नियम कोणी पाहिला नव्हता. चौकशी नाही, विचारपूस नाही.

"अरे, कुंकू लावलं," मामा म्हणाले, "डांबर थोडंच लावलं?"

हे सगळं आम्हाला कळलं ते कोपऱ्यावरच्या हॉटेलात. घरी गेलो तर मामांनी दारातूनच बाहेर काढलं होतं. "घरी काही बोलू नका," ते कुजबुजले. घरी आहे तरी कोण, असं आईनं विचारलं. मामा चपला शोधत राहिले.

मग त्यांनी कामगार न्यायालयात दावा लावला. तरीही रोज सकाळी डबा घेऊन वेळेवर निघायचे आणि कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर कान देऊन बसायचे. एकदा मी सोबत होतो. आतली घरघर ऐकून म्हणाले, "बाईसाहेबांना सर्दी झाली. तेल कोण घालालंय, काय की."

दावा रेंगाळला. दुसरी खंडेनवमी येऊन गेली. शेवटी एकदा न्यायाधीशांनी मॅनेजरला विचारलं, हा नियम कामगारांनी वाचायचा कुठं? नियम कपाटात आहे, मॅनेजर म्हणाला. आणि किल्ली? ती माझ्याकडे असते, साहेब. मामा सोडून सगळे हसले.

बडतर्फी बेकायदेशीर ठरली. मामा पुन्हा कामावर. आई कोर्टाच्या पायरीवरच मटकन बसली आणि किती तरी दिवसांनी मोकळं हसली.

मामांच्या घरी आल्यावर तिनं चहासाठी स्टो पेटवला. मामांनी पाय धुतले, आतल्या खोलीत गेले आणि मामीच्या शिलाई मशीनवरचं कापड बाजूला केलं. पेढ्यांचा पुडा घेऊन मी दारातच थांबलो.

"आता सांगतो," ते मशीनला म्हणाले. "मधे मला कामावरून काढलं होतं. तू उगंच परेशान झाली असतीस. उद्यापासून परत जायलोय."

त्यांनी चाकाला हात लावला आणि हलकेच एक फेरा दिला. सुई खाली गेली, वर आली.

स्वयंपाकघरात आईनं चहा व्हायच्या आधीच भरभरणारा स्टो बंद केला.