दामूकाका खाट पास करतात

आमच्या हॉस्पिटलात नवी खाट आली की तिच्यावर सर्वांत आधी दामूकाका झोपत. माणूस धडधाकट! सांडोरला केळीची वाडी, गुडघ्यापर्यंत धोतर, पायांना कायम माती. पाय मात्र बाहेरच्या नळावर धुऊन येत, कारण मार्था सिस्टरपुढे भल्याभल्यांची गाळण उडे. मग खाटेवर आडवे होत, दोन्ही कुशींवर वळत, खाट करकरते का ते ऐकत आणि जाहीर करत, "पास! आता झोपवा कोनाला पन."

मी केसपेपरच्या खिडकीत बसायचो, त्यामुळे ही परीक्षा मला पहिल्या खाटेपासून ठाऊक. नव्वदच्या सुमारास गावकऱ्यांनी एका कौलारू घरात चार खाटा टाकून हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हा भिंतींना चुना लावणाऱ्यांत काका होते. पुढे आचोळ्याकडे इमारतींवर इमारती उठल्या, पेशंट वाढले, कौलं जाऊन दोन मजले चढले. एक्स-रे आला, लिफ्ट आली. काकांना त्याचं कौतुक नाही. "मशीन डाक्टर बगंल. पेशंटची पाठ टेकते ती खाटेला!"

एकदा परीक्षा घेता घेता काकांचा डोळा लागला. आगाशीची मंडळी आपल्या नव्या व्याह्यांच्या आजारी भावाला बघायला आली होती. त्याला त्यांनी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी काकांनाच हलवून उठवलं. काका गडबडले नाहीत. "आता बरं हाय," म्हणाले, मोसंबी खाल्ली, सगळ्यांची विचारपूस केली. खरा पेशंट शेजारच्या खाटेवरून आ वासून बघत होता.

मग बाळंतपणाचा वॉर्ड बांधायला घेतला. काकांची एकुलती लेक वंदना गोरेगावला दिलेली, तेव्हा पहिलटकरीण होती. काका रोज खिडकीशी हजर. "वार्ड कवा उगडंल?" पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तेही आपल्या हॉस्पिटलात, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

वॉर्ड उघडायच्या आदल्या दिवशी खाटा मांडून आम्ही त्यांना बोलावलं. ते दारातच थांबले.

"आज नाय. वंदी येत नाय. सासू म्हनते, घरात बाईमानूस नाय, माहेरी तिचं करनार कोन?"

काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती. वाडीतल्या घरात काका एकटेच रांधून खात. त्यांच्या गमती सांगण्याच्या नादात आम्ही हे विसरूनच गेलो होतो. मला फार वाईट वाटलं.

मार्था सिस्टरने काकांकडून नंबर घेतला, माझ्या खिडकीतला फोन ओढला आणि विहीणबाईंना ठणकावलं, "बाईमाणूस नाही कसं? आम्ही एवढ्या जणी काय मेलो? न्हाऊमाखू घालायला आमच्या आयाबाया आहेत, बाळंतविडा मी करते. पाठवा पोरीला."

वंदना आली. मुलगी झाली! डिंकाचे लाडू कोणाच्या घरून आले, आळीवाची खीर कोणाच्या, पत्ता नाही. मार्था सिस्टरने स्वतः टोपडं शिवलं.

मी बघायला गेलो, तर काका नातीला मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेले. मी मुद्दामच मोठ्याने म्हटलं, "काका, ही खाट पास करायची राहिली की!"

वंदना गाढ झोपली होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि मलाच दटावलं,

"हळू बोल. माहेरी झोपलीय ती."